रोजरीचा नेम लावायचाय? मग एका दशकापासून सुरू करा

पहिल्याच दिवशी पूर्ण रोजरी, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेची पाचही दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग), म्हणायला घेऊ नका. हे सगळ्यात आधी सांगतेय कारण मी स्वतः तीन वेळा तशीच सुरुवात केली आणि तिन्ही वेळा दहा-बारा दिवसांत माळ परत मूर्तीपुढच्या वाटीत जाऊन पडली. दरवेळी ऑक्टोबरच होता. ऑक्टोबर म्हणजे रोजरीचा महिना, संध्याकाळी चर्चमध्ये सगळे जमतात, मेणबत्त्या, गाणी, आपल्यालाही भरून येतं आणि वाटतं की बस, आजपासून रोज पाचही दशकं, काही झालं तरी. मग नोव्हेंबर लागतो, पोरांच्या सुट्ट्या, पाहुणे, फराळाची ताटं इकडून तिकडं, आणि नेम जो सुटतो तो पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.

मी नर्स आहे, राहते भुसावळला, ड्यूटी जळगावला, आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते. म्हणजे ज्या माणसाचा कसलाही नेम लागणं अवघड तसलं माझं आयुष्य आहे, आणि तरी गेली सहा वर्षं माळ चालूय. मधे सुटतेही, त्याचं काय करायचं ते पण पुढे लिहिते. नवीन लग्न होऊन कॅथलिक घरात आलेल्या मुली, नुकताच बाप्तिस्मा झालेले, किंवा लहानपणी आजीबरोबर म्हणायचे आणि मग सुटलं असे लोक, यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. ज्यांचं आधीच रोज होतं त्यांना यात काही नवीन सापडणार नाही.

माळ कशी चालते, थोडक्यात

हे अवघड नाही पण कुणी सांगत नाही, सगळे धरून चालतात की येतंच. क्रूस हातात धरून क्रुसाची खूण करायची आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणायचा. पहिला मोठा मणी, त्यावर 'हे आमच्या स्वर्गीय पित्या'. मग तीन लहान मणी, तीन 'नमो मरिया', हे तीन विश्वास, आशा आणि प्रीतीसाठी, मग पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव. इथून पुढे गोल सुरू होतो. एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, मनात आणायचं, मोठ्या मण्यावर एक स्वर्गीय पित्याची प्रार्थना, दहा लहान मण्यांवर दहा नमो मरिया, शेवटी गौरव. हे झालं एक दशक. गौरवनंतर बरेच जण ती छोटी प्रार्थना म्हणतात ज्यात नरकाच्या अग्नीपासून वाचव असं मागतो, ती १९१७ साली पोर्तुगालमधल्या फातिमा इथं तीन मेंढपाळ पोरांना मरियामातेनं शिकवली असं मानतात. पाच दशकं झाली की 'नमो राणी' म्हणायचं आणि संपलं. सगळे मिळून ५३ नमो मरिया होतात, माळेत मणी ५९ असतात, न पळता म्हणलं तर १५ ते २० मिनिटं लागतात.

रहस्यांचे वार ठरलेले आहेत. सोमवार आणि शनिवार आनंदाची, मंगळवार आणि शुक्रवार दुःखाची, बुधवार आणि रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. इथं एक गंमत, आमच्या सासूबाईंचं प्रार्थनेचं पुस्तक जुनं, पानं पिवळी, त्यात प्रकाशाची रहस्यं नाहीतच, आणि पहिल्या गुरुवारी मी म्हणायला लागले तर त्या म्हणाल्या, हे कुठून काढलंस तू? बरोबरच होतं त्यांचं. ती रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली जोडली, त्याआधी १५च होती आणि तो साचा १५६९ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पक्का केलेला. तेव्हा घरात जुनं पुस्तक असेल तर गुरुवारची पाच एका कागदावर लिहून त्यात चिकटवा: यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, देवराज्याची घोषणा, डोंगरावरचं रूपांतर, आणि शेवटच्या भोजनात दिलेला ख्रिस्तशरीर संस्कार. सासूबाई आजही गुरुवारी आनंदाचीच म्हणतात, आम्ही त्यावर भांडत नाही.

एक दशक म्हणजे कमी नाही

तर सुरुवात एका दशकाने. तीन-साडेतीन मिनिटं. किमान महिनाभर तेवढंच, मन भरून आलं तरी तेवढंच, जास्त म्हणावंसं वाटलं तर म्हणा पण ते हिशोबात धरू नका, हिशोब एका दशकाचाच.

कुणाला वाटेल की ही पळवाट आहे. १८२६ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला पोलीन जारिको नावाची एक तरुणी होती, तिनं १५ जणांचे गट केले, प्रत्येकानं रोज फक्त एकच दशक म्हणायचं आणि गटाची मिळून पूर्ण रोजरी व्हायची. ती जिवंत रोजरी म्हणून जगभर पसरली, आणि २०२२ मध्ये चर्चनं पोलीनला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. तिच्या गटातला माणूस एका दशकात भागवत होता, तर आपण पण भागवू शकतो. आम्ही तीन मैत्रिणी आणि दोघींच्या जावा मिळून पाच जणींनी असं दीड वर्ष केलं, प्रत्येकीला एक रहस्य वाटून दिलेलं. आपलं एक राहिलं तर पाचातलं एक भोक पडतं एवढी जाणीव पुरे होते, व्हॉट्सअॅपवर रोज 'झालं' असं टाकायची गरज नाही. आम्ही ते पण करून पाहिलं, आठ दिवसांत नुसते अंगठे उरले.

अजून एक, सुरुवातीलाच नवस बोलू नका. आपल्याकडे पटकन बोलतो आपण, की माऊली, एवढं काम होऊ दे, मी जन्मभर रोज माळ म्हणेन. देवाला केलेला नवस चर्चच्या दृष्टीनं बांधून टाकणारी गोष्ट आहे, रोजरी मात्र कुणावर सक्तीची नाही, एक दिवस नाही म्हणलं तर ते पाप होत नाही. आपणहून धरलेला नेम आणि घाबरून केलेला नेम यात फरक आहे, तो दोन महिन्यांनी कळतो.

घड्याळाला नको, कामाला बांधा

सगळे सांगतात ठरलेली वेळ धरा. मला ते कधीच जमलं नाही कारण माझी पहाटे पाचची वेळ कधी उठायची असते तर कधी नाईटमध्ये इंजेक्शनं भरायची. शेजारचे एक काका आहेत, अमळनेरकडचे, गळ्यात तुळशीमाळ, वारकरी माणूस. मी त्यांना एकदा विचारलं की तुमचा संध्याकाळचा पाठ कसा काय चुकत नाही. ते म्हणाले, मी वेळ बघतच नाही, घरात दिवा लावला की मी बसतो, दिवा तर कुणीतरी लावणारच. एवढंच. चर्चमध्ये इतकी वर्षं ऐकून जे डोक्यात शिरलं नाही ते तिथं शिरलं.

म्हणून असं एक काम शोधा जे तुम्ही कसंही करून रोज करताच, आणि माळ त्याच्या शेपटीला बांधा. माझं काम म्हणजे प्रवास. सकाळची शिफ्ट असो की नाईट, भुसावळ ते जळगाव जायचंच आहे, पॅसेंजर मिळाली तर साधारण अर्धा तास. गाडी हलली की क्रूस, मधलं भादली स्टेशन येईपर्यंत दुसरं रहस्य चाललेलं, आणि जळगावचं आउटर आलं की नमो राणी. गाडी आउटरला उभी राहिली, आणि ती राहतेच, तर उरलेल्या वेळात वॉर्डातल्या पेशंटची नावं. आता पाच दशकं होतात ती याच गाडीमुळे, पण सुरुवातीचे चार महिने भादलीपर्यंत एकच दशक म्हणायचे आणि मग पासवाल्या बायकांच्या गप्पांत घुसायचे.

सुट्टीच्या दिवशी गाडी नाही, तिथं माझा नेम दोनदा सुटला. म्हणून सुट्टीचं वेगळं बांधलं, भाकरीला. कळण्याचं पीठ मळून झालं की पहिली भाकरी थापायला घेताना सुरू. हात गुंतलेले, माळ धरता येत नाही, मग मोजायचं कसं? एका भाकरीला दोन नमो मरिया, पाच भाकऱ्यांत दशक. भाकरी करपली तर ती माझी, प्रार्थनेचा दोष नाही. शेतावर जाणारी माणसं आहेत, कापूस वेचताना एकेका सरीला एक दशक धरणारी बाई मला माहितीये, तिच्याकडं माळच नाही, बोटांवर मोजते. दहा बोटं देवानं दिलीच आहेत.

झोपायच्या आधीची वेळ मात्र शक्यतो धरू नका. ती सगळ्यांना सुचते आणि सगळ्यांची तिथंच बुडते. अंथरुणात पडून तिसऱ्या नमो मरियापुढे मी कधी गेलेले आठवत नाही.

माळ दिसली पाहिजे

हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेतून आणलेली चांगली माळ कपाटात मखमली डबीत ठेवलीये, ती सणाला. रोजची माळ वेगळी, साधी, दोऱ्याची, हरवली तर रडू येणार नाही अशी. ती जिथं काम बांधलंय तिथं ठेवा. माझी पर्समध्ये रेल्वेच्या पासला गुंडाळलेली असते, पास काढला की माळ निघतेच. तिखटाच्या डब्याजवळ एक दुसरी आहे. पहिली माळ मी युनिफॉर्मच्या खिशात ठेवायचे, एकदा तशीच वॉशिंग मशीनमध्ये गेली, क्रूस निघाला ड्रेनच्या जाळीत आणि मणी नवऱ्याच्या ड्यूटीच्या शर्टांच्या खिशांतून पुढे आठवडाभर निघत राहिले, लोको शेडमध्ये त्यानं कुणाला पेन द्यायला हात घातला की मणी. ड्यूटीवर असताना मी दहा मण्यांची अंगठी वापरते, पण सारखे हात धुवावे लागतात तेव्हा ती पण नको, बोटांची पेरंच बरी.

नवीन माळ घेतली की फादरांकडून आशीर्वाद घेऊन आणा. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाल्यावर दोन मिनिटांचं काम आहे.

मोबाईलवर मराठीत रोजरीचे ऑडिओ मिळतात, सुरुवातीला पाठ नसताना त्यांचा फार उपयोग होतो. पण एकदा पाठ झालं की सोडा. ऑडिओ चालू राहतो आणि आपण ऐकत पण नसतो, शिवाय मधेच गॅस बुकिंगचा मेसेज वाजतो.

मन भटकतं त्याचं काय

आता यावर थांबते जरा, कारण लोक माळ सोडतात ते वेळ नाही म्हणून नाही, तर 'माझं लक्षच लागत नाही, मग नुसतं तोंडानं बडबडून काय फायदा' म्हणून सोडतात. हा प्रश्न खोटा नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये लिहिलंय की चिंतनाशिवाय रोजरी म्हणजे आत्म्याविना शरीर. पण मला वाटतं नवीन माणसानं यातून उलटा अर्थ घेऊ नये. शरीर तर आधी येऊ दे. हात मण्यावर, ओठ हलतायत, एवढं रोज झालं तर मन कधी ना कधी येऊन बसतं, आणि हात-ओठच बंद केले तर मन यायला जागाच नाही.

लिझ्यूची संत तेरेजा, एवढी मोठी संत, तिनं स्वतः लिहून ठेवलंय की एकटीनं रोजरी म्हणणं तिला फार जड जायचं, कितीही प्रयत्न केला तरी रहस्यांवर मन ठरायचं नाही. प्रार्थनेत झोप लागायची तिला, त्यावर तिचं म्हणणं असं की आईबापाला लेकरू झोपलेलं असलं तरी तितकंच आवडतं. नाईट करून परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून माळ हातात घेऊन झोपलेली मी, मला हे वाक्य फार उपयोगी पडलंय.

रहस्य मनात आणायचं म्हणजे काय करायचं हे मला खूप उशिरा कळलं. पुस्तकातली उदात्त वाक्यं आठवायचा प्रयत्न करू नका. आपल्या ओळखीचं काहीतरी पकडा. दुसरं आनंदाचं रहस्य घ्या, मरिया एलिझाबेथला भेटायला जाते. मी नर्स, मला काय दिसतं, तर म्हातारपणी पहिलं बाळंतपण, सहावा महिना लागलेला, घरात नवरा मुका झालेला, आणि ही पोरगी स्वतः दिवस गेलेली असताना डोंगर चढून तिच्या मदतीला जाते आणि तीन महिने राहते. नुसतं 'कशी आहेस' विचारून परत आली नाही. दहा नमो मरिया होईपर्यंत मला तिथं पाणी तापवणारी मरिया दिसते. कानाचं लग्न तर आपल्या खान्देशात कुणालाही समजवायला नको, मे महिन्यातलं लग्न, पंगत बसलेली आणि आतून निरोप येतो की वरण-बट्टी संपत आली, यजमानाचं तोंड बघा तेव्हा, तशीच काना गावी द्राक्षारस संपून त्या घराची अब्रू जायला आली होती आणि हे सगळ्यांत आधी लक्षात कुणाच्या आलं, तर एका आईच्या. दुःखाच्या शुक्रवारी भुसावळच्या पंचेचाळीस डिग्रीत स्टेशनवरून चालत घरी या आणि चौथं रहस्य म्हणा, क्रूस वाहून नेण्याचं. वेगळं चिंतन लागणार नाही.

आणि मन भटकलं की ते ज्याच्याकडं गेलं त्यालाच माळेत ओढा. गॅलरीतल्या बेडवरच्या आजीची शुगर, पोराची फी, जावेचं बोलणं. त्या एका नमो मरियात त्यांचं नाव घ्या आणि पुढच्या मण्यावर परत रहस्यात या. जावेसाठी मी अशा कितीतरी नमो मरिया म्हणल्या असतील, अर्ध्या रागात.

आमच्या इथं बरेच ख्रिस्ती लोक दुसऱ्या मिशनच्या मंडळीतले आहेत, ते विचारतात की हे मणी मोजणं बायबलात कुठंय. वाद घालू नका, एवढं सांगा की नमो मरियाचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, आधी गाब्रिएल दूताचे शब्द मग एलिझाबेथचे, आणि रहस्यं जवळजवळ सगळी शुभवर्तमानातली. आणि रोजरी ही मिस्साच्या जागी नाही हे आपल्या लोकांनाही सांगावं लागतं, रविवारी घरी माळ म्हणली म्हणून चर्च बुडवलं तरी चालतं असं होत नाही.

सुटलं तर

सुटणार. पोराला ताप येणार, लग्न निघणार, गाडी रद्द होणार. माझा एकच नियम आहे, सुटलेल्याची थकबाकी चढवायची नाही. काल राहिलं म्हणून आज दहा दशकं असं केलं की तिसऱ्या दिवशी वीस होतात आणि चौथ्या दिवशी माळेकडे बघायची लाज वाटते, जसं उधारी वाढली की त्या दुकानासमोरून जाणं टाळतो. काल गेलं. आज आजचं. आणि ज्या दिवशी खरंच काही शक्य नाही त्या दिवशी तीन नमो मरिया, त्या क्रुसाजवळच्या तीन मण्यांच्या, चालता चालता. त्याला मी पूर्ण रोजरी म्हणत नाही पण माळ हाताला लागली एवढं तरी होतं. सलग दोन दिवस मात्र रिकामे जाऊ देत नाही, तिसरा दिवस फार घसरडा असतो.

शेजारच्या काकूंना, त्या वारकरी काकांच्या बायकोला, माझं हे सगळं माहितीये. गॅलरीतून विचारतात कधी कधी, "आज माळ करी का नही व माय?" घरातल्यांनी विचारलं तर राग येतो, त्यांनी विचारलं की येत नाही. असं एक विचारणारं माणूस असू द्या.

घरातल्यांना ओढताना

सबुरीनं. पहिलं वर्ष एकटीनं म्हणा, आवाज जरा ऐकू जाईल असा. मग कुणीतरी येऊन बसतं. आमच्याकडं आधी पोरगा बसला, कारण त्याला दशक सांगायला मिळतं म्हणून, तो पुढचं म्हणतो आणि आम्ही सगळे 'हे पवित्र मरिये'पासून पुढचा अर्धा भाग. पोरांना एकाच दशकाला बसवा आणि ते संपलं की खरंच उठू द्या, उठू दिलं नाही की पुढच्या वेळी ती बाथरूममध्ये जाऊन बसतात. सासूबाईंचा वेग आणि माझा वेग जमत नाही, त्या आमेन म्हणतात तेव्हा मी अजून पहिल्या अर्ध्या भागातल्या 'उदराच्या फळा'पाशी असते, यावर उपाय सापडला तो हा की त्यांनाच पुढं म्हणू दिलं, पुढचं सांगणारा माणूस आपोआप हळू होतो. नवरा अजून नियमित नाही. गुरुवारी बसतो, काना गावच्या लग्नाला.

शेवटचं, माळ तुटली तर फेकू नका. बाजारात मोत्यांच्या दुकानात जाड नायलॉनचा दोरा मिळतो, घरी ओवता येते. ओवताना मोठ्या मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ घट्ट मारा. मी माझी ओवली तेव्हा एका दशकात चुकून अकरा मणी बसले आणि ते कळलं दोन आठवड्यांनी, गाडीत, दिवे गेलेले असताना. ती तशीच वापरतेय अजून. तिसऱ्या रहस्याला एक नमो मरिया जास्त जातो, तो मी गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकते.